अचिंत्य आणि अपरीक्षित : प्रभावविचाराच्या निमित्ताने

पालघर-बोईसर पट्ट्यात व्यवसाय करणाऱ्या वैद्याकडे दोन प्रकारचे रुग्ण एकाच दिवशी येतात. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील औषध कारखान्यात काम करणारा रसायनतज्ज्ञ काढ्याची बाटली हातात घेऊन विचारतो, "यातले नेमके कोणते द्रव्य काम करते?" डहाणू किंवा विक्रमगडच्या पाड्यावरून आलेला वृद्ध भगताने मंतरलेला दोरा दंडावर बांधून आलेला असतो आणि तो काहीच विचारत नाही. पहिल्याच्या प्रश्नाने आपण थोडे अस्वस्थ होतो, दुसऱ्याच्या मौनाने निश्चिंत होतो. खरे पाहता वैद्याने या दोहोंच्या मधली जागा स्वतःच्या विचाराने शोधली पाहिजे. ती जागा कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात मांडत आहोत.

आरंभीच दोन शब्द वेगळे करू. ज्याचे कार्य वारंवार दिसते पण कारण कळत नाही, ते अचिंत्य. ज्याचे कार्य होते की नाही हेच कोणी नीट पाहिलेले नाही, ते अपरीक्षित. आपल्या व्यवसायातील बहुतेक वाद हे दोन शब्द एकमेकांत मिसळल्याने होतात. टीकाकार अचिंत्याला अपरीक्षित समजून नाकारतो आणि आपल्यातील काही जण अपरीक्षिताला अचिंत्य म्हणून मिरवतात. दोन्ही चुका सारख्याच. फरक इतकाच, की दुसऱ्या चुकीची किंमत रुग्ण मोजतो.

मैत्रेयाचा प्रश्न

संशय घेणे ही पाश्चात्यांकडून आलेली सवय आहे, असा एक समज आपल्या क्षेत्रात आढळतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील दहावा अध्याय, महाचतुष्पाद, वाचल्यास तो टिकत नाही. तेथे मैत्रेय आत्रेयांना सरळ विचारतो की उत्तम वैद्य, औषध, परिचारक हे सर्व असूनही काही रुग्ण बरे होतात, काही मरतात. यातले काहीच नसलेलेही काही बरे होतात, काही मरतात. मग चिकित्सा करणे आणि न करणे यांत भेद तो काय?

आजच्या संशोधनात तुलनेसाठी जो दुसरा गट ठेवतात, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. आत्रेय यावर रागावत नाहीत. साध्य व्याधीत चिकित्सा निष्फळ होत नाही, असे ते सांगतात. पडलेला मनुष्य स्वतःच्या बळावर उठू शकत असला तरी कोणी हात दिल्यास तो लवकर व कमी क्लेशाने उठतो, हा त्यांचा दृष्टांत प्रसिद्ध आहे. म्हणजे काही रोगी आपोआप बरे होतात, हे आचार्यांनी मान्य केलेले आहे. वैद्याच्या हाताने किती जण उठले आणि किती जण तसेही उठले असते, हा हिशेब ठेवण्याचे काम त्यांनी आपल्यावर सोपवले आहे.

त्याच सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती ही चार प्रमाणे येतात. प्रत्यक्ष अल्प आहे आणि अप्रत्यक्ष पुष्कळ आहे, हे सांगून अतिसमीपता, अतिदूरता, आवरण, अतिसूक्ष्मता अशी न दिसण्याची आठ कारणे दिली आहेत. आपल्या परिसरात याचे उदाहरण शोधायला फार लांब जावे लागत नाही. तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ पासून वीज निर्माण करीत आहे. तेथील किरणोत्सर्ग डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही, स्पर्श नाही. तरीही तेथील कामगार छातीवर मापक बिल्ला लावून आत जातात व त्याची नोंद ठेवली जाते. न दिसणाऱ्या गोष्टीचे अस्तित्व येथे मापनाने मानले जाते. अप्रत्यक्ष मानायचे, पण त्याचे लिंग दाखवल्यावरच, हाच अनुमानाचा नियम आहे.

प्रभाव हे निरीक्षणाचे नाव आहे

रस, विपाक आणि वीर्य समान असूनही दोन द्रव्यांचे कर्म भिन्न दिसले तर त्या भिन्न कर्माचे कारण प्रभाव, असे चरकाचार्य सांगतात. दंती आणि चित्रक दोन्ही कटुरस, कटुविपाकी, उष्णवीर्य. परंतु दंती विरेचन करते, चित्रक करीत नाही. हा प्रभाव अचिंत्य म्हटला आहे.

येथे क्रम लक्षात घ्यावा. दंतीने रेच होतो हे आधी पुनःपुन्हा पाहिले गेले. प्रचलित सिद्धांताने त्याचे स्पष्टीकरण होत नाही हे नंतर कळले. मग प्रामाणिकपणे नाव दिले, प्रभाव. दिसलेल्या कार्यापुढे आपला सिद्धांत अपुरा पडल्याची ती कबुली आहे. कार्यच सिद्ध झालेले नसताना प्रभाव शब्द उच्चारणे म्हणजे या क्रमाला उलटे करणे होय.

यावर सुश्रुताचे वचन पुढे केले जाते. स्वभावतः प्रसिद्ध असलेली औषधे मीमांसेचा विषय करू नयेत, विद्वानाने हेतुवादाने त्यांची परीक्षा करू नये, असा सूत्रस्थानाच्या चाळिसाव्या अध्यायातील आशय आहे. पण तेथेच अशा औषधांचे लक्षण व फळ प्रत्यक्ष असते, ही अट घातली आहे. आणि हजार कारणे दाखवली तरी अंबष्ठादि गण विरेचक ठरणार नाही, असे उदाहरणही दिले आहे. आमच्या मते सुश्रुतांचा रोख शाब्दिक तर्काने प्रत्यक्ष फळ खोडून काढणाऱ्यांवर आहे. फळ पाहूच नका, असे ते कोठेही म्हणत नाहीत.

स्पष्टीकरण नाही म्हणून फळ नाकारल्यास काय होते, याची साक्ष पाश्चात्य वैद्यकाच्या इतिहासातच आहे. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात १८४७ मध्ये इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुवायला लावले. १८४६ मध्ये त्या विभागातील मातामृत्यूंचे प्रमाण सुमारे ११ टक्के होते, ते १८४८ मध्ये दीड टक्क्याच्या आत आले. जंतूंचा सिद्धांत तेव्हा स्थिर झालेला नव्हता; कारण सांगता येत नाही म्हणून अनेक विद्वानांनी हे फळ दुर्लक्षिले. ते कार्य अचिंत्य होते, पण अपरीक्षित नव्हते. सेमेलवाइस यांच्या बाजूने नोंदी बोलत होत्या.

सर्पदंश : प्रश्न प्राणांचा

आता आपल्या जिल्ह्यातील विषयाकडे येऊ. पावसाळ्यात भातशेती, गवतकापणी, जमिनीवर झोपणे आणि अंधार यांमुळे सर्पदंश वाढतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरील अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. त्यांतील बहुसंख्य ग्रामीण भागातील आणि सुमारे निम्मे जून ते सप्टेंबरमधील आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय व्याधींच्या यादीत स्थान दिले. २०२४ मध्ये केंद्र शासनाने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला.

पाड्यावर साप चावला की प्रथम भगत आठवतो. त्याच्याकडून पुष्कळ रुग्ण बरे होऊन परततात, ही गोष्ट खरी आहे. तिची टवाळी करणाऱ्या शहरी मनुष्यावर पाड्यातील कोणी विश्वास ठेवत नाही, कारण बरे झालेला माणूस त्यांच्यासमोर उभा असतो. म्हणून या यशाचे स्पष्टीकरण आपण द्यायला हवे, आणि ते आपल्या ग्रंथांतच आहे.

सुश्रुताने कल्पस्थानात दंशाचे सर्पित, रदित व निर्विष असे भेद सांगितले आहेत. निर्विष दंशात विष शरीरात जातच नाही. सापाच्या नुसत्या स्पर्शाने भित्र्या मनुष्याचा वात प्रकुपित होऊन सूज येते, त्याला सर्पांगाभिहत म्हटले आहे. चरकाने चिकित्सास्थानाच्या तेविसाव्या अध्यायात शंकाविष वर्णिले आहे. अंधारात काहीतरी चावले, विषारीच असेल, या शंकेने ज्वर, वमन, मूर्च्छा, दाह अशी लक्षणे उत्पन्न होतात आणि तेथे आश्वासन हा चिकित्सेचा प्रमुख भाग आहे. याला आजच्या माहितीची जोड द्यावी. आपल्या परिसरात आढळणाऱ्या बहुतेक जातींचे साप बिनविषारी आहेत, आणि विषारी सापही कित्येकदा दंश करताना विष सोडत नाही.

हिशेब मांडून पाहू. समजा भगताकडे १०० दंश आले आणि त्यांतील ७० निर्विष वा शंकाविषाचे होते. (आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.) भगताने काहीही केले किंवा केले नाही तरी ७० जण बरे होणार. मंत्र व आश्वासन यांनी त्यांची भीती लवकर उतरेल, हे श्रेयही त्याला द्यावे. उरलेल्या ३० जणांबाबत मात्र मंत्राची खरी परीक्षा होते, आणि तेथे तो कामास येत नाही. पाड्याच्या स्मरणात ७० जिवंत माणसे राहतात. जे गेले त्यांच्याविषयी वेळ भरली होती, असे म्हटले जाते. मैत्रेयाचा प्रश्न न विचारल्यास कोणतीही चिकित्सा ७० टक्के यशस्वी दिसू शकते.

स्वतः सुश्रुतांची भूमिका येथे उद्बोधक आहे. मंत्राचे सामर्थ्य ते वर्णितात, परंतु विधीत, स्वरात वा वर्णात न्यून राहिल्यास मंत्र सिद्ध होत नाहीत, म्हणून अगदांचा उपक्रम करावा, असेही सांगतात. ज्याचा भरवसा देता येत नाही त्यावर रुग्णाचे प्राण टांगू नयेत, हाच त्याचा व्यवहारातील अर्थ आहे.

हाच निकष आपल्यालाही लागू पडतो. चरकाच्या चोवीस विषोपक्रमांत अरिष्टाबंधन, उत्कर्तन, चूषण ही कर्मे आहेत. ज्या काळी दुसरे साधन नव्हते त्या काळचे ते प्रयत्न होत. आज घोणस किंवा फुरशाच्या दंशात घट्ट आवळपट्टी बांधल्याने अवयवाची हानी वाढते आणि चिरा दिल्याने न गोठणारे रक्त वाहत राहते, हे ज्ञात आहे. म्हणून ती कर्मे करू नयेत. त्याच चोवीस उपक्रमांत प्रतिविषही आहे. आज घोड्याच्या रक्तापासून सिद्ध होणारी प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही विषांवर परीक्षेने सिद्ध झालेली आहे. तिचा वापर करण्यास सांगताना वैद्याला कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

मण्यारीचा दंश विशेष ध्यानात ठेवावा. ती रात्री झोपलेल्या मनुष्यास चावते. वेदना जवळजवळ नसते, दातांची खूणही कित्येकदा सापडत नाही. पहाटे पोटात कळा, उलटी, घशात दुखणे सुरू होते आणि घरचे लोक जवळच्या वैद्याकडे येतात. हा अजीर्णाचा शूल समजून पाचक वटी दिली गेली तर तासाभरात पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, आणि श्वास मंदावतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपणाऱ्या रुग्णाला पहाटे अकारण पोटशूल झाला तर पापण्या वर उचलायला सांगणे, गिळता येते का विचारणे, आणि शंका येताच कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवणे, हे आपले कर्तव्य होय.

कायद्याची बाजूही ठाऊक असावी. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर राज्य शासनाने जादूटोणाविरोधी अध्यादेश काढला व डिसेंबर २०१३ मध्ये त्याचा कायदा झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या व्यक्तीस वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा त्याच्या अनुसूचीप्रमाणे अपराध आहे. रोखणे हा शब्द महत्त्वाचा. श्रद्धा बाळगण्यास तेथे बंदी नाही.

परीक्षेने काय मिळते

परीक्षा म्हणजे परंपरेचा अपमान, असे ज्यांना वाटते त्यांनी सर्पगंधेचा इतिहास पाहावा. या मुळीविषयी परंपरेत दोन समज होते. ती सर्पविषावर चालते आणि उन्मादावर चालते. १९३१ मध्ये कोलकात्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व वाढलेला रक्तदाब यांवरील तिचा उपयोग प्रसिद्ध केला. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील निरीक्षणे ब्रिटिश नियतकालिकात मांडली आणि जगाचे लक्ष वेधले. १९५२ मध्ये स्विस संशोधकांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळे केले. एकाच मुळीचे दोन दावे परीक्षेला बसले. रक्तदाबाचा टिकला, सर्पविषाचा टिकला नाही. तिच्या नावातच सर्प आहे म्हणून आपण आज सर्पदंशात ती देत बसत नाही.

क्षारसूत्राचे उदाहरण अधिक आनंद देणारे आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पुढाकाराने भगंदरावर अनेक केंद्रांत केलेली तुलना १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. शस्त्रकर्मानंतर वर्षभरात ११ टक्के रुग्णांत भगंदर पुन्हा उद्भवले. क्षारसूत्रानंतर केवळ ४ टक्क्यांत. व्रण भरण्यास मात्र क्षारसूत्राने सुमारे आठ आठवडे लागले, शस्त्रकर्माने चार. लाभ आणि मर्यादा दोन्ही एकाच तक्त्यात छापल्या गेल्या, म्हणूनच आज कोणीही शल्यतज्ज्ञ क्षारसूत्राला हसण्यावारी नेत नाही.

उलट अनुभवही आहे. भुईआवळीने यकृतशोथ ब च्या वाहकांपैकी ५९ टक्क्यांच्या रक्तातील विषाणूचे लक्षण नाहीसे झाले, असा अभ्यास १९८८ मध्ये लॅन्सेटमध्ये आला होता. पुढे अन्यत्र केलेल्या परीक्षांत तसे फळ मिळाले नाही. पहिला निष्कर्ष सोयीचा होता म्हणून तोच सांगत राहणे आणि पुढचे गाळणे, हे आप्ताचे लक्षण नव्हे.

काविळीचा विषय येथेच येतो, कारण गावोगावी वैद्याची कीर्ती काविळीवरच उभी असते. दूषित पाण्यामुळे होणारी काविळ बहुतेक रुग्णांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते. माळ घाला, नाकात थेंब टाका किंवा चुन्याच्या पाण्यात हात धुवून पाणी पिवळे करून दाखवा, रुग्ण बरा होतोच. तेच पाणी निरोगी माणसाच्या हातानेही पिवळे होते का, हे पाहिले की परीक्षा पूर्ण होते. धोका दुसरीकडे आहे. शाखाश्रित कामलेत मल तिळाच्या पिठासारखा होतो, असे चरकाने सांगितले आहे. पित्ताचा मार्ग अडल्याचे ते चिन्ह आहे आणि अश्मरी किंवा अर्बुद हे त्याचे कारण असू शकते. मलाचा वर्ण न विचारता सर्वांना एकच पुडी देणारा वैद्य आणि माळ घालणारा मनुष्य यांच्यात पदवीखेरीज फरक उरत नाही.

खेड्यातील व्यवसायात परीक्षा कशी करणार, असा प्रश्न येईल. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्याचे उत्तर दिले आहे. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने लोक दगावत. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून रक्तदाब, नाडी, हातापायांचा थंडपणा यांच्या नोंदी ठेवल्या, प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरले आणि १९८० च्या दशकात आपले निष्कर्ष लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध केले. पूर्वी गंभीर दंशात सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आले. पुढे प्रतिविषाची जोड दिल्याने अधिक लाभ होतो का, हेही त्यांनी ७० रुग्णांवरील तुलनेने तपासून २०११ मध्ये मांडले. लाभ होतो असे दिसले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. साधन होते वही, घड्याळ आणि रक्तदाबमापक. ही तिन्ही आपल्या प्रत्येक चिकित्सालयात आहेत.

व्यवहारासाठी काही सूत्रे

१. यशाची नोंद ठेवतो तशी अपयशाचीही ठेवावी. परत न आलेला रुग्ण बरा झाला, असे धरू नये, चौकशी करावी.

२. प्रत्येक योगाबाबत मैत्रेयाचा प्रश्न विचारावा. हा व्याधी स्वतःच किती दिवसांत शमतो? औषधाने त्यात किती फरक पडला?

३. काळ हाच शत्रू असलेल्या अवस्थांत, म्हणजे सर्पदंश, विंचूदंश, हृच्छूल, पक्षाघात यांत, प्रथम रुग्ण पाठवावा. सर्पदंशात धीर द्यावा, अंगठी, बांगड्या, तोडे काढावेत, अवयव फळीने स्थिर करावा, दंशाची वेळ लिहून द्यावी आणि १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका मागवावी. बांधणे, कापणे, चोखणे, लेप लावणे टाळावे.

४. परिसरातील शासकीय रुग्णालयांपैकी कोठे प्रतिविष व कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय आहे, याची चौकशी पावसाळ्यापूर्वी करून क्रमांक भिंतीवर लावावा.

५. भगताशी वैर धरू नये. पाड्यावर त्याचा शब्द चालतो. मंत्र म्हणायचा असेल तर तो रुग्णासोबत गाडीत बसून म्हणावा, एवढे त्याला आदराने पटवता आले तरी एखादा प्राण वाचेल.

६. औषधनिर्माते व औषधविक्रेते बंधूंसाठी विशेष. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यात ताईत, मंत्र, कवच यांच्याबरोबरच विशिष्ट व्याधी बऱ्या करण्याच्या जाहिरातींवरही निर्बंध आहेत. २००० मध्ये अनुसूची 'टी' लागू झाल्यापासून कच्च्या द्रव्याची ओळख, घाणवार नोंद आणि गुणवत्तेची तपासणी बंधनकारक आहे. वेष्टनावर 'अद्भुत' लिहिण्यापेक्षा आतील द्रव्य खरे असल्याची नोंद कपाटात असणे हे आपल्या शास्त्राचे अधिक हिताचे होय.

७. रसायनतज्ज्ञ रुग्णाने कारण विचारल्यास आणि ते ठाऊक नसल्यास, "कारण अजून कळलेले नाही, परंतु इतक्या रुग्णांत असे फळ आम्ही नोंदवले आहे," असे सांगावे. वाक्याचा दुसरा भाग सांगता येत नसेल तर पहिला भाग हे समर्थन होत नाही.

समारोप

सर्व काही समजले आहे असे मानणारा शास्त्रज्ञ आणि काहीच तपासू नये असे मानणारा भाविक, दोघेही शिकणे थांबवतात. आयुर्वेदाने अचिंत्याला शास्त्रात स्थान दिले, ही त्याची नम्रता. आणि प्रत्यक्ष फळाची अट घातली, ही त्याची शिस्त. यांतील पहिलीच आपण उचलली तर आपल्या हाती केवळ शब्द राहतील. येत्या पावसाळ्यात सभासदांनी आपल्याकडे आलेल्या प्रत्येक दंशाची वेळ, लक्षणे, आधी झालेले उपचार, कोठे पाठवले आणि शेवट काय झाला, एवढ्या पाच बाबी वहीत लिहाव्यात, अशी विनंती आहे. वर्षअखेर त्या एकत्र ठेवल्या तर आपल्या परिसराविषयी आपल्यापाशी स्वतःचे असे काही ज्ञान असेल, आणि त्यावर आपणास एकमेकांशी वाद नव्हे, संवाद करता येईल.